शिरोली एमआयडीसीत नवीन शेड बांधलंय, नेटवर्क स्विच कुठले आणि किती घ्यावेत?

शिरोलीकर
नमस्कार मंडळी. कोल्हापूरजवळ शिरोली एमआयडीसीत आमचं मशीन शॉप आहे, वडिलांनी सुरू केलेलं. कास्टिंग फौंड्रीतनं येतं, आम्ही मशीनिंग करून पुढं पाठवतो. आत्तापर्यंत आमचं नेटवर्क म्हणजे जिथं पोर्ट कमी पडला तिथं आठ पोर्टचा डबा आणून लावायचा, असं करत करत डब्याला डबा लागत गेला आणि आता कुठली वायर कुठं जाते हे देवाला ठाऊक. मागच्या बाजूला नवीन शेड झालंय, ऑफिसपासून केबलच्या वाटेनं १४० मीटर भरतंय. म्हटलं ह्याच निमित्तानं सगळंच नीट करून घ्यावं.

एकूण सामान असं आहे: कॅमेरे २८ (त्यात एक फिरणारा पीटीझेड), वायफायचे ॲक्सेस पॉइंट ६, आयपी फोन १०, कॉम्प्युटर १४, प्रिंटर ३, नेटवर्कवर घ्यायच्या सीएनसी-व्हीएमसी (कॉम्प्युटरवर चालणारी मशीन) ११, हजेरीची मशीन २, वर ईआरपीचा (कंपनीच्या सगळ्या हिशेबाच्या सॉफ्टवेअरचा) सर्व्हर, एनव्हीआर (कॅमेऱ्यांचं रेकॉर्डिंग ठेवणारा) आणि फायरवॉल (नेटवर्कमधली ये-जा तपासणारी).

कोटेशनं तीन आलीत. एक म्हणतोय ४८ पोर्टचा एक पीओई (नेटवर्कच्या वायरीतनंच वीज देणारा) स्विच घ्या ३७० वॅटचा, जुने डबे ऱ्हाऊ देत. दुसरा सीसीटीव्हीवाला, तो म्हणतोय कॅमेऱ्याचं माझं मी बघतो बाकीचं तुमचं तुम्ही बघा. तिसरी पार्टी पुण्याची, त्यांनी सिस्को कॅटॅलिस्ट ९२०० दिलेत लायसन्ससकट, आकडा बघून वडील म्हटले ह्यात अजून एक सेकंडहँड लेथ येतंय. कुणाचं ऐकू?

मिसळ_कट
वाचतोय. आमच्या गोकुळ शिरगावच्या युनिटला पण हेच करायचंय.

रंकाळा_वारा
एवढं डोकं कशाला लावताय राव. २४ पोर्टचे साधे अनमॅनेज्ड (सेटिंग काही करता येत नाही असले) गिगाबिट स्विच घ्या चार, लावा आणि विसरा. आमच्याकडं वर्षानुवर्षं चाललेत. मॅनेज्ड घेऊन त्यातलं मॅनेज करणार कोण, तुमच्याकडं आयटीचा माणूस आहे का?

पॅकेट_पैलवान
शिरोलीकर, पहिलं कोटेशन आधी बाजूला काढा. ते का हे तुमच्याच आकड्यांवरनं सांगतो.

तुमची पोर्टची बेरीज ७७ होते. म्हणजे ४८ चा एक घेऊन पण जुन्या डब्यांची माळ तशीच राहणार. त्यात नवीन शेड १४० मीटरवर, आणि तांब्याच्या इथरनेट केबलची हद्द १०० मीटर, ९० भिंतीतली आणि १० दोन्हीकडच्या पॅच कॉर्डची मिळून. कॅमेरावाले स्विचवर एक्स्टेंड मोडचं बटण दाखवून २५० मीटर जातंय म्हणतात, जातं, पण १० एमबीपीएसवर. एका कॅमेऱ्याला चालेल, अख्खं शेड त्यावर टांगता येत नाही.

आता वीज. स्विच घेताना लोक पोर्ट मोजतात आणि वॅट मोजायचे विसरतात. पीओईची मानकं ठरलेली आहेत. ८०२.३एएफ म्हणजे पोर्टमागं १५.४ वॅट, पलीकडच्या यंत्राला हमखास मिळतात १२.९५. एटी म्हणजे ३० वॅट, मिळतात २५.५. २०१८ ला आलेलं बीटी ६० आणि ९० वॅटचं, ते तुम्हाला लागत नाही. पण प्रत्येक पोर्ट ३० वॅटचा आहे म्हणून सगळे पोर्ट एकदम ३० देतील असं नसतं, स्विचचं एकूण बजेट ठरलेलं असतं आणि ते संपलं की पुढच्या पोर्टला वीज मिळत नाही.

साधा कॅमेरा रात्री आयआर (अंधारात दिसायचे दिवे) लागल्यावर ८ वॅट धरा, पीटीझेड २५, वायफाय सिक्सचा ॲक्सेस पॉइंट १८, फोन ४. तुमच्या डेटाशीटवर जे कमाल लिहिलंय ते घ्या, मी अंदाजानं धरलेत. २७ कॅमेऱ्यांचे २१६, पीटीझेडचे २५, ॲक्सेस पॉइंटचे १०८, फोनचे ४०. झाले ३८९. तो स्विच ३७० चा. दिवसा सगळं चालणार आणि संध्याकाळी आयआर लागायला लागले की दोनतीन कॅमेरे गपकन बंद, सकाळी परत चालू. मग सीसीटीव्हीवाला कॅमेरे बदलत बसणार आणि बिल तुम्ही भरत बसणार.

कॅमेरे, ॲक्सेस पॉइंट, फोन नेमके कुठं किती आहेत ते जागेप्रमाणं सांगा, मग बोलू.

शिरोलीकर
हे वॅटचं आजवर कुणीच सांगितलं नव्हतं. ऑफिसात कॅमेरे ८, ॲक्सेस पॉइंट ३, फोन सगळे १०. जुन्या शेडात कॅमेरे १०, ॲक्सेस पॉइंट २, मशीन ७. नवीन शेडात पीटीझेड धरून कॅमेरे १०, ॲक्सेस पॉइंट १, मशीन ४. हजेरीची मशीन एकेका शेडात. बाकी सगळं ऑफिसात.

पॅकेट_पैलवान
मग तीन जागा, तीन रॅक, मधे फायबर.

ऑफिसात पीओई १५८ वॅट होतात, वर पाव भाग मोकळा ठेवायचा म्हटलं तर १९५ वाला थोडक्यात कमी पडतो, म्हणून इथं ३७० वाला २४ पोर्ट पीओई. जुन्या शेडात ११६ आणि नवीन शेडात ११५, दोन्हीकडं १९५ वाला २४ पोर्ट आरामात पुरतो. ऑफिसात पीओईची २१ यंत्रं एकावर आणि कॉम्प्युटर, प्रिंटर, सर्व्हर, एनव्हीआर, फायरवॉल मिळून २० दुसऱ्या बिनपीओईच्या २४ पोर्टवर. हा दुसरा तुमचा कोअर, म्हणजे मुख्य स्विच. त्याला चार एसएफपी प्लस (फायबरचं मॉड्यूल बसणारे पोर्ट) असू देत, तीन आत्ताच लागतात, दोन शेडांना आणि एक शेजारच्या पीओईला, चौथा पुढच्या शेडाला.

शेडातले दोन्ही स्विच एकाच मॉडेलचे घ्या हे मुद्दाम सांगतोय. मग तिसरा तसलाच एक कपाटात ठेवला की दोघांचा स्पेअर झाला.

बँडविड्थचं टेन्शन घेऊ नका. फोर मेगापिक्सेल कॅमेरा एच.२६५ वर ४ एमबीपीएसच्या आसपास जातो, २८ चे झाले ११२. गिगाबिटच्या लिंकला ते कळत पण नाही. फक्त एनव्हीआर १०० च्या पोर्टवर लावू नका, तिथं गुदमरेल. सीएनसीचे प्रोग्रॅम तर चिल्लर. त्यामुळं कोणी शेडापर्यंत १० गिगाबिट पाहिजेच म्हणाला तर चहा पाजून पाठवा.

केबलमिस्त्री
पैलवानांनी स्विचचं सांगितलं, मी वायरचं सांगतो कारण निम्मी रडगाणी तिथनंच असतात.

फायबर सिंगल मोडच टाका, सहा कोअरची, म्हणजे आत सहा काचेचे धागे. मल्टिमोडचे मॉड्यूल स्वस्त पडायचे ते दिवस गेले, आता १ गिगाला फरक किरकोळ आहे आणि सिंगल मोडवर उद्या १० गिगा करायचं झालं तर केबलला हात लावायला नको, मॉड्यूल बदललं की झालं. दोन कोअर लागतात, चार शिल्लक. शिल्लक कोअर पण दोन्हीकडं टर्मिनेट करून घ्या, नुसत्या गुंडाळून ठेवल्या तर गरजेच्या दिवशी स्प्लायसिंगवाल्याला शोधत फिरायला लागतंय. फोर्कलिफ्ट आणि ट्रक फिरतात त्या रस्त्याखालनं नेताना पाईपातनं न्या, पाईप एक जादा टाका, चर एकदाच खणायचा असतोय.

आर्मर्ड घेतली तर आतलं स्टील बिल्डिंगमधे शिरायच्या जागी अर्थ करा. वळवाच्या पावसात आपल्याकडं विजा कसल्या पडतात माहिताय, फायबर टाकून वर त्याच्याच स्टीलवरनं सर्ज आत घेतला तर काय उपयोग. नाहीतर सरळ बिनधातूची घ्या. आणि एका शेडातनं दुसऱ्या शेडात तांब्याची नेटवर्क केबल अजिबात नको, लांबीत बसत असली तरी नको. दोन्हीकडचं अर्थिंग सारखं नसतंय, फरकाचा करंट त्याच केबलनं पळू शकतोय.

आतल्या कामाला कॅट सिक्स, शुद्ध तांब्याची. बाजारात सीसीए म्हणून येतंय, ॲल्युमिनियमवर तांब्याचा मुलामा. बॉक्स तोच ३०५ मीटरचा, रंग तोच, छपाई पण झकास. एक तार काढा, ब्लेडनं हलकं खरवडा. आतनं पांढरी निघाली तर बॉक्स परत. रेझिस्टन्स जास्त, पीओई लावलं की लांबच्या कॅमेऱ्यापर्यंत व्होल्टेज पोचत नाही आणि केबलचा जुडगा गरम होतो ते वेगळंच.

काम झालं की सर्टिफिकेशनचा रिपोर्ट मागा, प्रत्येक पॉइंटचा. आठ लाईट लुकलुकणारा टेस्टर फक्त तारा जुळल्यात एवढंच सांगतोय.

इचलकरंजी_यंत्रमाग
सीसीएचं एकदम खरं. आमच्या लूम शेडात एक पॉइंट दर उन्हाळ्यात जायचा, तार खरवडली तर चांदीसारखी पांढरी. ज्यानं टाकली तो फोन उचलत नाही आता.

रंकाळा_वारा
बरं, फायबर पटलं. पण माझा प्रश्न तसाच राहिला. मॅनेज्ड कशाला? चार साध्या स्विचच्या पैशात एक मॅनेज्ड येतो.

पॅकेट_पैलवान
चाराला एक हे मोठ्या मालाचं गणित झालं, स्मार्ट मॅनेज्डला एवढा फरक पडत नाही. ते सोडा, कारण सांगतो.

शॉपमधे कोणीतरी झाडताना खाली पडलेली पॅच कॉर्ड बघतो, एक टोक लागलंय, दुसरं लोंबतंय, त्याला वाटतं निघालं असेल, तो ते शेजारच्या मोकळ्या पोर्टात घालतो. झाला लूप. साध्या स्विचला तो कळत नाही, ब्रॉडकास्ट गोल गोल फिरत वाढत जातं आणि मिनिटाच्या आत ईआरपी, फोन, कॅमेरे सगळं ठप्प. आणि शोधायचं कसं? एकेक वायर उपटत. मॅनेज्डवर बीपीडीयू गार्ड नाहीतर लूप डिटेक्शन लावलं की तेवढा एक पोर्ट बंद पडतो आणि लॉगमधे त्याचं नाव येतं. माणूस रोज लागत नाही हो, एकदा नीट लावून दिलं की ते आपापलं राखण करतं.

दुसरं, व्हीलॅन, म्हणजे त्याच स्विचवर वेगवेगळी नेटवर्कं पाडणं. सीएनसीच्या कंट्रोलरमधे आणि शेजारच्या पीसीत कुठलं जुनं विंडोज आहे बघा जरा. एक्सपी निघालं तर आश्चर्य नको. ते अपडेट होणार नाही, मशीन चालतंय तोवर कोणी हात लावणार नाही आणि लावू पण नये. मग त्याला ऑफिसच्या मेल उघडणाऱ्या कॉम्प्युटरच्या मांडीला मांडी लावून बसवायचं का? मशीनचा व्हीलॅन वेगळा, कॅमेऱ्यांचा वेगळा, फोनचा वेगळा, पाहुण्यांच्या वायफायचा वेगळा, ऑफिस आणि सर्व्हर एकात. मधली ये-जा फायरवॉलमधनं, म्हणजे मशीनकडं फक्त प्रोग्रॅम पाठवणारा पीसीच जाईल बाकी कोणी नाही. तुमचा ट्रॅफिक एवढा थोडा आहे की ही ये-जा स्वतःच करणाऱ्या लेयर थ्री स्विचची घाई नाही, फायरवॉल पुरते.

आणि एक बारीक सेटिंग जे निम्मे लोक करत नाहीत. स्पॅनिंग ट्रीत (स्विचची लूप मोडायची व्यवस्था) मुख्य स्विच कोण हे प्रायॉरिटीवर ठरतं, आकडा लहान तो मुख्य. सगळ्यांची मुळातली ३२७६८, बरोबरी झाली की ज्याचा मॅक ॲड्रेस लहान तो राजा, आणि हा बऱ्याचदा कोपऱ्यातला सगळ्यात म्हातारा स्विच निघतो. कोअरवर ४०९६ टाका, विषय संपला.

रंकाळा_वारा
लूपचं मान्य. घरच्या ऑफिसात तीन कॉम्प्युटरला मात्र मी साधाच लावणार.

पॅकेट_पैलवान
लावा की. तिथं कोण नको म्हणतंय.

शाहूपुरी_दुकानदार
माझं क्षेत्र नाही पण एक सांगतो. २०१९ ला शाहूपुरीत पाणी आलं तेव्हा आमच्या दुकानाचा सर्व्हर आणि स्विच तळमजल्यावर टेबलाखाली होते, सगळं गेलं. नंतर वरच्या मजल्यावर भिंतीवरचा रॅक केला. २०२१ ला परत पाणी आलं, दुकानातलं फर्निचर भिजलं पण रॅकला काही नाही, कॅमेरे पण बॅटरी होती तोवर चालले. पंचगंगेची इशारा पातळी ३९ फूट, धोक्याची ४३, बातमीत ३९ आलं की आमची सामान वर न्यायची तयारी सुरू. तुमचं शेड पाण्याच्या वाटेत नसेल तरी रॅक जमिनीवर ठेवू नका.

केबलमिस्त्री
बरोबर, पण शेडात उलटं पण करू नका. पत्र्याखाली कैचीला रॅक टांगलेले मी बघितलेत. मे महिन्यात पत्र्याखाली हात लावून बघा. ऑफिसात वापरायला बनवलेले स्विच ४० नाहीतर ५० डिग्रीपर्यंतच धरलेले असतात, मॉडेलप्रमाणं. छातीच्या उंचीला, मशीनच्या कूलंटच्या फवाऱ्यापासून लांब, सावलीच्या भिंतीला लावा.

धूळ पण बघा. पंख्यावाला स्विच शेडात ठेवला की पंखा धूळ आणि तेलाची वाफ आत ओढतो, बोर्डावर काळा थर बसतो. शेडात बिनपंख्याचा मिळाला तर उत्तम, १९५ वॅटात मिळतात काही मॉडेल. नाही मिळाला तर फिल्टरचा बंद रॅक आणि फिल्टर झाडायचं काम कोणाच्या तरी अंगावर नाव घेऊन टाका. खरंच भट्टीशेजारी लावायचा असेल तर मग डीन रेलचा इंडस्ट्रियल, तो ७०-७५ डिग्रीपर्यंत तग धरतो, पण तुमचं मशीनिंग आहे, एवढा खर्च नको.

शिरोलीकर
भट्टी आमच्यात नाही, शेजाऱ्याची आहे. त्याची इंडक्शन फर्नेस चालू झाली की आमच्या ट्यूबा मिचकावतात.

पॅकेट_पैलवान
मग तिन्ही रॅकला आपापला यूपीएस, ऑनलाइनवाला (कायम इन्व्हर्टरमार्गेच वीज देणारा). स्विच एकदा रीस्टार्ट झाला की त्याच्यावरचे सगळे कॅमेरे परत उठायला काही मिनिटं घेतात, आणि हे दिवसातनं चारदा झालं तर रेकॉर्डिंगला भोकं पडतात. यूपीएसवर स्विचचा भार लिहिताना पीओईचे वॅट धरा, नुसता स्विचचा धरू नका. ऑफिसच्या रॅकला पीओई १५८, वर दोन स्विच, एनव्हीआर, फायरवॉल. सर्व्हर वेगळ्या यूपीएसवर.

इचलकरंजी_यंत्रमाग
कंपनी कुठली ते कोणीच बोलंना. मी बोलतो. कॅटॅलिस्ट ९२०० भारीच आहे पण पहिल्या खरेदीला सबस्क्रिप्शनचं लायसन्स घ्यायलाच लागतं, तुमच्या कामाला तो हत्ती झाला. त्याच कंपनीचे कॅटॅलिस्ट १२०० आणि १३०० लहान धंद्यासाठीच काढलेत, जुन्या सीबीएस मालिकेच्या जागी, त्याला तसलं सबस्क्रिप्शन नाही. अरुबा इन्स्टंट ऑन १९३० पण चांगला, क्लाउडवरनं फोनवर दिसतो आणि त्याचं वर्षाला भाडं नाही. टीपी-लिंकचं ओमाडा घेतलं तर स्विच आणि ॲक्सेस पॉइंट एकाच स्क्रीनवर, पैसे पण कमी. युनिफाय पण तसंच. सिस्कोचंच मेराकी घेऊ नका असं नाही, पण लायसन्स संपलं आणि वाढीव मुदत पण गेली की स्विचच काम थांबवू शकतो हे वडिलांना आधीच सांगा, नंतर सांगितलं तर घरात भांडण.

पॅकेट_पैलवान
ह्या यादीतनं कुठलाही घ्या, तुमच्या कामाला सगळे पुरतात. निवडताना दोन गोष्टी बघा. एक, त्या मॉडेलची विक्री बंद झाल्याची घोषणा कंपनीच्या साईटवर आहे का. जुना स्टॉक सूट देऊन खपवतात आणि दोन वर्षांत फर्मवेअर यायचं थांबतं. दोन, बिघडल्यावर बदलून कोण देतं आणि किती दिवसांत, हे कोटेशनवर लिहून घ्या. लाइफटाइम वॉरंटीत पण स्विच आधी पाठवा मग बघू असं असू शकतं. २०१९ ला आणि २०२१ ला शिरोलीजवळ हायवेवर पाणी आलं आणि पुणे-बेंगळुरू वाहतूक दिवसेंदिवस बंद होती. तेव्हा कुरिअर कुठनं येणार? म्हणून कपाटातला स्पेअर, कॉन्फिगरेशन भरून तयार ठेवलेला.

एसएफपीचं पण सांगून ठेवतो. दोन्ही टोकांना मॉड्यूल एकाच वेगाचं लागतं, एकीकडं १० गिगाचं आणि दुसरीकडं १ गिगाचं लावलं तर लिंक लागत नाही. काही कंपन्या दुसऱ्याचं मॉड्यूल ओळखत नाहीत, म्हणून मॉड्यूल पण त्याच कोटेशनात घ्या, नंतर एकमेकांकडं बोट दाखवायला जागा नको.

मिसळ_कट
मुंबईच्या मार्केटातनं सेकंडहँड मोठे स्विच स्वस्तात मिळतात, ते?

पॅकेट_पैलवान
शिकायला घरी घ्या. कंपनीत नको. फर्मवेअर बंद, वीज जास्त आणि आवाज असा की केबिनमधे फोनवर बोलता येणार नाही.

केबलमिस्त्री
शेवटचं. ॲडमिन पासवर्ड आणि कॉन्फिगरेशनचा बॅकअप हातात आल्याशिवाय शेवटचा हप्ता द्यायचा नाही. एका कारखान्यात मी गेलो तर पासवर्ड आधीच्या माणसाकडं, तो द्यायला तयार नाही, शेवटी स्विच रीसेट करून सगळे व्हीलॅन पहिल्यापासनं बांधले. मालक बिचारा दिवसभर डोक्याला हात लावून बसला होता. आणि रॅकच्या दाराला आतनं पोर्टचा तक्ता चिकटवा, वायरच्या दोन्ही टोकांना नंबर.

शिरोलीकर
सगळ्यांचे आभार, लई डोक्यात उजेड पडला. वडिलांना ३८९ आणि ३७० कागदावर लिहून दाखवलं, ते म्हटले हे कळतंय, आपल्या मशीनच्या लोडसारखंच की. ठरलं असं: ऑफिसात २४ चा कोअर आणि २४ चा पीओई ३७० वॅट, दोन्ही शेडात १९५ वाले सारखे, एक स्पेअर, दोन्हीकडं सिंगल मोड सहा कोअर. दोन पार्टींकडनं ह्याच यादीवर परत कोटेशन मागवलंय, जीएसटी १८ टक्के वेगळा दाखवा म्हणून सांगितलंय. पुण्याच्या पार्टीनं पण १३०० मालिकेवर यायची तयारी दाखवली, आकडा एकदम खाली आला.

आता बदलायचं कधी? खंडेनवमीला मशीन धुऊनपुसून पूजेला असतात, त्या दिवशी प्रॉडक्शन बंदच. एका दिवसात होईल का?

पॅकेट_पैलवान
चर, फायबर, रॅक आणि नवीन केबल हे सगळं आधीच उरकून ठेवलं तर होईल. स्विच आधी आठवडाभर ऑफिसात टेबलावर चालू ठेवा, फर्मवेअर, व्हीलॅन, पासवर्ड सगळं तिथंच. त्या दिवशी आधी कॅमेरे आणि फोन हलवा, मग ऑफिस, मशीन सगळ्यात शेवटी, आणि मशीनचे आयपी बदलू नका, आहेत तेच त्यांच्या व्हीलॅनला द्या, ऑफिसचे बदला. कंट्रोलरमधे आयपी बदलायला गेलं की प्रत्येकाला मशीनवाल्याचा इंजिनिअर लागतो. जुने डबे लगेच भंगारात घालू नका, दसरा होऊन पहिली पूर्ण शिफ्ट निघेपर्यंत जाग्यावर असू देत.

केबलमिस्त्री
आणि पूजेला ताटात एक नवीन स्विच पण ठेवा, हळदकुंकू पोर्टात जाऊ देऊ नका म्हणजे झालं 😄

शिरोलीकर
आई म्हटलीच होती, नवीन मशीन आलंय तर नारळ फोडा. चर खणणारा उद्या येतोय, मिस्त्री तुम्हाला व्यनि केलाय, पाईप किती इंची टाकू ते बघा वाईच.